वाट बघणारी स्क्रीन

दुकानातल्या गेमिंग मॉनिटरवर धुक्यातून एक होडी चालली होती. पाण्यात चंद्र होता. होडी वळली, की तो मधोमध फाटायचा.

“तुमच्या घरच्या कॉम्प्युटरला आहे तसंच ग्राफिक्स कार्ड लावलंय. ते चित्रं आपल्या सवडीने पाठवतं आणि या स्क्रीनला दम नाही, मग अर्धं जुनं, अर्धं नवं दिसतं,” दुकानदार केतकीला म्हणाला. त्याने होडी शेजारच्या स्क्रीनवर घेतली. “ही तेवढीच वेगवान, पण चित्र पुरं येईपर्यंत थांबते.”

आता चंद्र अख्खाच्या अख्खा तरंगत राहिला. केतकीला आपण होडीतच बसल्यासारखं वाटलं.

“घरी...” शेजारून बाबा म्हणाले. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांना शब्द उशिरा सापडायचे, आणि त्यांचं प्रत्येक वाक्य तीच घाईघाईने पुरं करायची.

“जायचंय ना? निघूच.”

बाबांनी नाही म्हणून मान हलवली. ‘मग औषध?’ तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून ती होडीकडे बघत थांबली. होडी सावकाश पैलतीराला लागली.

“घरी... मला... ही होडी... चालवायला शिकवशील?”