चांगुणाआजीची नजर

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा बरं: अमडापूरच्या शाळेतला एक वर्ग, भिंतीवर नजर तपासायचा, इंग्रजी E सारख्या तीन दांड्यांच्या आकृत्यांचा तक्ता आणि समोर खुर्चीवर शाळेची खिचडी शिजवणारी चांगुणाआजी. साखरेच्या आजारात डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या कशा खराब होतात, याचं संशोधन करणारे डॉक्टर आले होते. नात महामाया आजीचा हात धरून उभी होती. तिचा पाय काही केल्या एका जागी ठरत नव्हता.

"दांड्यांची तोंडं कुठं आहेत, आजी?" डॉक्टरांनी विचारलं.

"वर. डावीकडं. खाली." आजीनं शेवटची ओळही बिनचूक सांगितली. "पाह्यलं? नजर गेली म्हनून शाळावाले मले चुलीवरून काढाले निघाले होते!"

डॉक्टर आधी काढलेल्या आजीच्या डोळ्याच्या फोटोकडे बघतच राहिले. "नवल आहे. रक्तवाहिन्या पाझरून पडद्याला सूज आलीय, तरी नजर इतकी साफ! मग इंजेक्शनची घाई नको. वर्षभर नुसतं लक्ष ठेवू."

"आन् नजर कमी असती त?" महामायानं विचारलं.

"तर लगेच उपचार सुरू केले असते. उशीर झाला तर गेलेली नजर परत येईलच असं नाही, बाळ."

आजी घाईघाईनं उठली. "चाल वं माय, घरी."

महामाया हलली नाही. "डॉक्टरसाहेब, अजून एकडाव इचारा," ती म्हणाली आणि मघापासून आजीच्या मुठीत वर, खाली, डावीकडे, उजवीकडे खुणा करणारं आपलं बोट तिनं हळूच सोडवून घेतलं.