गोष्टीनंतरचं हसू

विद्यापीठाच्या सभागृहात कानडेबुवांनी कीर्तनातली गंमत सांगायला तोंड उघडलं, तोच श्रोते हसून मोकळे झाले. छतावरचं वायरलेस यंत्र बोलणाऱ्याच्या मनातलं तो बोलायच्या आधीच ऐकणाऱ्यांच्या डोक्यात पोहोचवत होतं.

"नेटवर्कवाल्या ताई, हे बंद करा हो. नाहीतर आजपासून माझं कीर्तन संपलं," बुवा थकून म्हणाले.

सकाळपासून प्रत्येक विभागानं नेटवर्क सांभाळणाऱ्या मंदाताईंकडे आणखी जोरदार यंत्रच मागितलं होतं. त्यांनी शिणल्या हातानं खटका दाबला.

"आता कळायचं कसं?" एक प्राध्यापक ओरडले.

"कान दिलेत ना पांडुरंगानं, सर?" मंदाताई म्हणाल्या.

बुवांनी गंमत सांगितली. सभागृह गप्पच. मग खटक्यापाशी उभ्या मंदाताईंना खुदकन हसू फुटलं. बुवांचे डोळे भरून आले. कितीतरी वर्षांनी हसू गोष्टीनंतर आलं होतं.