कॅमेऱ्यातली भिंत

दुरुस्तीवाल्याने थेट भंगारात काढलेला आमचा कॉम्प्युटर वहिनीने एका दुपारी जिवंत केला. जुनी डिस्क काढून तिने नवी कोरी बसवली, त्यावर हलकंसं लिनक्स चढवलं, आणि बघता बघता पडदा उजळला.

“वहिनी, कमाल आहे तुझी!” मी म्हणाले.

“कमाल कसली? त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं, एवढंच.”

आईला परगावच्या दादाशी बोलायचं होतं, म्हणून वहिनीने आधी कॅमेरा लावून पाहिला. पडद्यावर आम्ही दोघी अगदी स्वच्छ दिसलो. मागची भिंत मात्र हिरवी दिसत होती. बाबा होते तेव्हा ती हिरवीच होती; ते गेल्यावर आम्ही ती पांढरी करून घेतली होती.

“रंग बिघडलेत वाटतं,” मी म्हणाले.

वहिनीला ते पटलं नाही. तिने आपली पिवळी ओढणी कॅमेऱ्यासमोर धरली. ती पिवळीच दिसली.

तेवढ्यात आई आत आली. दारातच थबकून ती आमच्या मागे, भिंतीकडे बघत राहिली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, “जरा बाजूला व्हा गं दोघी. यांना पडदा दिसत नाहीये.”

मी वळून पाहिलं. मागे नुसती पांढरी भिंत होती.

वहिनीने पडद्यावरची नजर न काढता खुर्ची हळूच बाजूला घेतली.