पिठातलं मीठ

बायकोने पिठात मीठ टाकलं की नाही, हेच कंपाउंडरना कळेना. तिने डबा उघडला, इथवर त्यांनी पाहिलं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून मुलीने विचारलं, "आई, मदतीला येऊ का गं?" आणि "काही नको, तू बस," म्हणत तिने झाकण लावलं. चमचाभर मीठ पिठात पडलं की डब्यातच राहिलं, देव जाणे!

मागच्या महिन्यात दूध उतू जाऊन गॅस विझला आणि ही खुशाल बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत राहिली. तेव्हापासून मुलगी हटूनच बसली होती. आई विसरायला लागलीय, तिने ओट्यापाशी जायचं नाही, स्वयंपाकाला बाई ठेवायची. शेवटी कंपाउंडरनीच गळ घातली, की एकदा तिच्या हातची सफरचंद-चीजची भजी खा आणि मग काय ते ठरव. परीक्षाच की ही, आणि देणारीलाही ते ठाऊक होतं. सकाळपासून ती धड बोलली नव्हती.

तसं तिचं काम झकास चाललं होतं. सफरचंदाच्या पातळ चकत्या, दोन चकत्यांच्या मध्ये चीजचा काप ठेवायचा. चीज मुळातच खारट, म्हणून पिठात मीठ एकच चमचा. तळून झाल्यावर अर्ध्या भज्यांवर साखर-दालचिनी भुरभुरायची, अर्ध्यांवर मिरपूड. कुठे म्हणून अडखळली नाही बिचारी. पण कंपाउंडरची खोड जाते थोडीच! जन्मभर दवाखान्यात प्रत्येक पुडी दोनदा तपासून दिलेला माणूस तो.

"अहो, मधे काय उभे राहिलात खांबासारखे? सरका, चीज काढायचंय."

ती फ्रिजकडे वळली. चाखून बघायला वेळ कुठला? कंपाउंडरनी चमचाभर मीठ पिठात टाकलं, बोटाने ढवळलं आणि बोट पायजम्याला पुसलं. सुटलो एकदाचे, असं त्यांना वाटलं.

भजी छान सोनेरी उतरली. तिने गॅस बंद केला, बटण पुन्हा एकदा चाचपून पाहिलं आणि बशी मुलीपुढे ठेवली.

मुलीने घास घेतला. चावता चावता ती थांबली. मग पाणी प्यायली.

"आई, मीठ दोनदा पडलंय गं," ती हळूच म्हणाली. रागावली असती तरी परवडलं असतं.

कंपाउंडरनी घाईघाईने एक भजं तोंडात टाकलं. मीठच मीठ! म्हणजे हिने टाकलं होतं. सगळं बिनचूक केलं होतं हिने. गाढवा, तुला कुणी सांगितली होती लुडबुड?

"मीठ मी टाकलं," ते म्हणाले. "ती फ्रिजकडे वळली तेव्हा. मला वाटलं, राहिलंय. तिची काही चूक नाही, माझीच आहे."

"बाबा." मुलीने त्यांच्या हातावर हात ठेवला. "किती दिवस पाठीशी घालणार तिला? दुधाच्या वेळीही तुम्ही हेच म्हणालात. गॅसवर मीच ठेवलं होतं म्हणून."

"तेव्हा खोटं बोललो गं! आज खरं सांगतोय!"

मुलगी नुसती त्यांच्याकडे बघत राहिली, लहान मुलाकडे बघावं तशी.

कंपाउंडर बायकोकडे वळले. "अगं, तू तरी सांग तिला. तू एकदाच टाकलंस ना?"

ती बशीतल्या भज्यांकडे बघत होती. कपाळावर आठी पडली, मग सैल झाली.

"जाऊ द्या हो," ती म्हणाली. "दर वेळी माझ्यासाठी बोलणी कशाला खाता? मला चांगलं आठवतंय. मीच टाकलं दोनदा."