विकत घेतलेला पिक्चर

"सर, तुम्ही चित्रपट विकत घेतला नव्हता. तो पाहण्याचा परवाना घेतला होता," फोनवरची मुलगी चौथ्यांदा म्हणाली.

हंबीररावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "बाई, बटणावर ‘विकत घ्या’ असं लिहिलं हुतं. मी वाचून दाबलंय."

"हक्कांची मुदत संपल्यामुळे तो आमच्या ॲपवरून काढून टाकला आहे, सर."

"अवो, पिक्चर माझा हाय. मी डायरेक्टर हाय त्याचा."

"मग हक्क आपल्याकडे आहेत का, सर?"

ते नव्हते. निर्मात्यानं ते कधीच विकून टाकले होते आणि घेणाऱ्या कंपनीला गेल्या वर्षी कुलूप लागलं होतं. हंबीररावांनी फोन सोफ्यावर टाकला. समोर टीव्हीवर आठवडाभर तीच पाटी होती: ‘सध्या उपलब्ध नाही’. पाटीसमोर खुर्चीत आक्काताई बसल्या होत्या, त्यांची बायको.

सतरा वर्षांपूर्वी हंबीररावांनी आयुष्यातला एकुलता एक पिक्चर काढला. नायिका पुण्याची. तिच्या तोंडात कोल्हापुरी बसेना, म्हणून तिचे सगळे संवाद आक्काताईंनी म्हटले. यंदा मार्चमध्ये आक्काताईंना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्या, यांचा जुना आवाज कुठं असला तर ऐकवा आणि त्याच्या मागोमाग बोलायला लावा. तेव्हापासून रोज सकाळी अकराला पिक्चर लागायचा. स्वतःच्याच आवाजामागून आक्काताई एकेक शब्द ओढून आणायच्या. चार महिन्यांत नऊ शब्द आले होते. पिक्चर गेला त्या दिवसापासून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. काल तर जेवणाचं ताटही बाजूला सारलं.

हंबीररावांनी सगळं कोल्हापूर पालथं घातलं. एडिटिंगवाला मुंबईला गेलेला. मूळ प्रतीचा पत्ता कुणालाच नव्हता. पिक्चरची डिस्क कधी निघालीच नव्हती. म्हणजे रीतसर निघाली नव्हती.

चोरून काढणारा माणूस मात्र त्यांना पक्का ठाऊक होता. लक्ष्मीपुरीतला कुतुबुद्दीन. पिक्चर लागून आठ दिवस होतात न होतात, तोच याच्या दुकानात कॉप्या आल्या होत्या. हंबीरराव स्वतः पोलिसांना घेऊन गेले होते. तीनशे डिस्क जप्त झाल्या, कुतुबुद्दीन तीन दिवस आत बसला. तरी पिक्चर पडायचा तो पडलाच. माझा पिक्चर कुतुबुद्दीननं बुडवला, हे हंबीरराव सतरा वर्षं भेटेल त्याला सांगत आले होते.

दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकत होती. कुतुबुद्दीनची दाढी पांढरी झाली होती, पण त्यानं एका नजरेत ओळखलं.

"या आण्णा. आज कुणाला घेऊन आलायसा?"

"एकटाच हाय," हंबीरराव म्हणाले. मग उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. आक्काताईंचं सांगताना त्यांची नजर कव्हरांवरच होती.

कुतुबुद्दीन मागच्या जिन्यानं वर घरात गेला. खाली आला तेव्हा हातात एक डिस्क होती. पाकिटावर पिक्चरचं नाव पेनानं लिहिलेलं.

"पोलिसांनी तर सगळ्या नेलत्या," हंबीरराव म्हणाले.

"ही वर हुती. शमशाद बघत बसलती, अर्धा झालता." शमशाद म्हणजे त्याची बायको. "म्हटलं, पुरा बघू दे बिचारीला. अजून वर्षातनं एकदा तरी लावती."

हंबीररावांनी डिस्क हातात घेतली. "पोलिस यायच्या आधी धंदा तर चांगला झाला असंल तुझा."

"खरं सांगू का, आण्णा? राग मानू नका. त्यातली एकबी खपली न्हवती. गिऱ्हाइकाच्या हातात दिली तर म्हणायचं, दुसरा कुठला दाखव."

बाहेर रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. हंबीररावांनी डिस्क उलटीपालटी करून बघितली. सतरा वर्षांचा राग ठेवायला त्यांच्याकडं एकाएकी जागा उरली नव्हती.

"प्लेअर हाय का घरात?" कुतुबुद्दीननं विचारलं. नव्हता. मग त्यानं माळ्यावरनं स्वतःचा प्लेअर काढला, धूळ झटकली आणि दुकान शमशादवर सोडून तो हंबीररावांच्या गाडीवर मागं बसला.

पिक्चर लागला. थेटरात बसून कॅमेऱ्यानं उतरवलेला. पडदा तिरका, खालच्या कोपऱ्यात कुणाचं तरी टक्कल, अधूनमधून खोकला. एक बाई पोराला घेऊन पुढनं आडवी गेली. जे दृश्य जमवायला हंबीररावांनी पन्हाळ्यावर दोन दिवस उन्हाची वाट बघितली होती, ते सगळं काळंनिळं झालं होतं. पण संवाद स्वच्छ ऐकू येत होते. नायिका वळली आणि आक्काताईंचा आवाज खोलीभर झाला.

आक्काताई खुर्चीत पुढं सरकल्या. ओठ हलले. आवाजाच्या मागं पडत, पुन्हा गाठत त्या म्हणाल्या, "थांब." आणि मग, जरा दमानं, "थांब की."

‘थांब’ नवातला होता. ‘की’ दहावा.

हंबीररावांनी चष्मा काढून पुसला. पुसत राहिले.

निघताना कुतुबुद्दीन दारात थबकला. "प्लेअर राहू दे तुमच्याकडंच. डिस्क तेवढी जपून वापरा, आण्णा. चरे पडल्यात तिच्यावर, आणि आता जगात हीच एक हाय."

हंबीरराव त्याच्याजवळ गेले.

"मग कॉप्या काढ की," ते म्हणाले. "चांगल्या दहा-बारा काढ."