चिमटा लावलेलं प्रकरण

"चिमट्याला हात लावू नका," मावशी म्हणाल्या.

पाहुण्याने चटकन हात मागे घेतला. टीपॉयवर नवी कादंबरी होती आणि तिच्या शेवटच्या प्रकरणाला कपडे वाळत घालायचा निळा चिमटा लावला होता. त्यांच्या रहस्यकथा वाचन मंडळाची ही रीतच होती. सगळ्यांनी पुस्तक चिमट्यापर्यंत वाचायचं, मावशींच्या बैठकीच्या खोलीत जमायचं, खुनी कोण ते एकेकाने सांगायचं आणि मगच चिमटा काढायचा. पाहुण्यालाही पुस्तक आधी देऊन ठेवलं होतं. तो आल्या आल्या चिमटा हललेला नाही ना, हे मावशींनी पाहून घेतलं.

आज खरी परीक्षा पाहुण्याचीच होती. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि त्याला मावशींच्या भाचीशी लग्न करायचं होतं. भाचीचा पहिला नवरा याच इमारतीच्या गच्चीवरून पडून गेला. आईविना वाढलेल्या पोरीला मावशींनीच सावरलं. आता हा नवा माणूस कोण, कुठला, त्याच्या मनात काय, या विचाराने त्यांचा जीव टांगणीला लागला होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

"नीट पारखा त्याला," त्यांनी मंडळातल्या दोघांना बजावलं होतं. "तुमची नजर तयार आहे."

नजर तयार होतीच. दंतवैद्य दिवसभर लोकांच्या तोंडात डोकवायचे आणि संध्याकाळी खुन्यांच्या मनात. टीसी काका रेल्वेतून केव्हाच निवृत्त झाले होते, पण समोरचा प्रत्येक जण विनातिकीट आहे अशाच नजरेने अजून बघायचे.

"मला मागचीच जास्त आवडली, विहिरीची," टीसी काकांनी सुरुवात केली. "हिच्यात निम्मं पुस्तक नुसता पाऊसच पडतोय."

"अहो, पाऊस नको? त्याशिवाय माळ्याच्या बुटांना चिखल कसा लागणार?" दंतवैद्य म्हणाले. "पण लेखकाला मानलं पाहिजे. विष झालं, लिफ्ट झाली, विहीर झाली, आता जिना. एक युक्ती म्हणून परत वापरली नाही. दुसरा कुणी असता तर विहिरीतच बुडून राहिला असता."

"तेच तर त्याचं मोठेपण," मावशी मनापासून म्हणाल्या.

भाची कॉफीचा ट्रे घेऊन आली. पाहुण्याने कप उचलला आणि बाल्कनीकडे बघत विचारलं, "एवढी मोठी गच्ची असताना कपडे या चिंचोळ्या बाल्कनीत का वाळत घालता?"

ट्रेमधले कप किणकिणले.

"गच्चीला कुलूप असतं," टीसी काका म्हणाले. त्यांचे डोळे बारीक झाले. "का हो? गच्चीशी तुम्हाला काय करायचंय?"

"नाही, सहज. खालून पाहिलं तर कठडा चांगला छातीइतका दिसतो. म्हटलं, माणूस पडला कसा?"

भाची मान खाली घालून आत गेली. टीसी काकांनी दंतवैद्यांकडे पाहिलं. हा माणूस कठडे कशाला मोजत फिरतो?

"पाण्याच्या टाकीवर चढले होते ते, झाकण बसवायला," मावशी म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांदेखत झालं सगळं. तिच्यासमोर पुन्हा तो विषय नको." त्यांनी डोळे टिपले.

पाहुणा ओशाळला. पण टीसी काका आता सोडतात होय!

"तुमचीही पहिली बायको गेली ना? कशाने?"

"आजारपणाने."

"औषधं कोण द्यायचं?"

"मीच." पाहुण्याने चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसला.

मावशींनीच विषय बदलला. "दुकान तुमचं स्वतःचं की भाड्याचं?"

"स्वतःचं. वर राहायची जागाही आहे."

"आणि पाठीमागे कुणी?"

"कुणीच नाही हो. एकटा जीव."

मावशींनी बिस्किटांची बशी त्याच्याकडे सरकवली.

मग संशयाची फेरी झाली. टीसी काकांचा संशय पुतण्यावर होता, दंतवैद्यांचा नर्सवर. मावशीही नर्सच म्हणाल्या. पाहुण्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "माळी. बुटांना चिखल आहे ना त्याच्या!"

तिघेही पोट धरून हसले. मावशींनी चिमटा काढून शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचलं. खून नर्सने केला होता.

"पण ती तर किती रडत होती!" पाहुणा म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. मग भाची बाहेर आली तसा तो तिच्याशी बोलायला बाल्कनीत गेला.

"मला हा माणूस मुळीच पसंत नाही," टीसी काका कुजबुजले. "गच्ची काय, कठडा काय, औषधं काय! सगळी बोटं याच्याचकडे वळतात."

"म्हणूनच तो निर्दोष आहे," दंतवैद्य म्हणाले. "इतकी वर्षं वाचतोय आपण, काका! ज्याच्यावर उघड संशय येतो तो कधी खुनी निघालाय का? साधा माणूस आहे. मनात येतं ते विचारतो, दिसतं ते खरं मानतो."

टीसी काकांनी डोकं खाजवलं. नियम तर बरोबर होता. "हो, माळी म्हणाला खरा," त्यांनी कबूल केलं.

"मग होकार देऊ ना?" मावशींनी विचारलं. "पोरीचं पुन्हा काही वाईट व्हायला नको हो."

"खुशाल द्या," दोघेही म्हणाले. मावशींनी सुटकेचा निःश्वास टाकला.

मंडळी गेली. पाहुणाही हसतमुखाने निरोप घेऊन जिना उतरला. भाची कप गोळा करू लागली, मावशींनी निळा चिमटा पिशवीत टाकला.

"कसा वाटला गं, मावशी?"

"चांगला आहे. भोळा आहे. करून टाक लग्न." मावशींनी बाल्कनीतून खाली पाहिलं. रस्त्यावर थांबून तो मान वर करून हात हलवत होता. त्यांनीही हसून हात हलवला. "फक्त याला गच्चीवर नेऊ नकोस हं. आपला लेखकसुद्धा एक युक्ती दोनदा वापरत नाही."