छबुबाईचा कायदा

गावच्या मसणवट्यातली वेडी बाभूळ तोडून राधाकिशननं तिथं कडुलिंब लावले. रोज सकाळी तो झाडांना पाणी घालून यायचा आणि रोज छबुबाई त्याला दारातच अडवायची. मसणातून आलेल्या नवऱ्याच्या पायांवर घरातल्या माणसानं पाणी ओतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हा तिचा कायदा. ओतताना तोंडही चालूच. "एवढी चाकरी कावून करता? मेल्यावर जायचंच हाय की तिथं."

पोरगा-सून ऊसतोडीला गेले आणि घर तिला खायला उठलं. एका सकाळी ती गुपचूप त्याच्या मागं निघाली. त्याचा आजा, पणजा कुठं जाळला ते विचारून घेतलं, मग आता डोक्यावर गेलेल्या लिंबाखाली बसून भाकर खाल्ली.

"लई गार हाय," ती म्हणाली. "मला ह्याच झाडापाशी आणा."

"मीच आधी आलो तर?"

"तुमाला कशाची घाई?"

भांडत भांडत दोघं घरी आले आणि दारात थबकले. ऊन चढलेलं. दोघंही उंबऱ्याबाहेर, पाणी ओतायला आत कुणीच नाही.

"आता गं?" राधाकिशननं हसू दाबलं.

छबुबाईनं बंद दाराकडं पाहिलं, पदर सावरला.

"चला माघारी. तिथं सावली तरी हाय."